दोन कान, दोन स्पीकर आणि तिसऱ्याचा प्रश्न

"आपल्याला दोन कान असतात, म्हणून स्टीरिओला दोन स्पीकर लागतात." विज्ञानाच्या पुस्तकांत, प्रदर्शनातल्या तक्त्यांवर आणि शाळांतल्या व्याख्यानांत हे वाक्य आपल्याला वारंवार भेटते. आम्हीही ते अनेकदा वापरले आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत ध्वनीविषयी बोलताना हे वाक्य उच्चारले आणि दहावीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, मग सिनेमाच्या पडद्यामागे तीन स्पीकर का असतात? तिथे बसणाऱ्यांना तीन कान असतात का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण धड उत्तर देता आले नाही. 'तिथली जागा मोठी असते म्हणून' असे काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली.

पुढे हाच प्रश्न दुसऱ्या वेषात समोर आला. परिचयातील एका शिक्षकांनी विचारले, "घरच्या स्टीरिओला मध्ये तिसरा स्पीकर जोडला तर आवाज सुधारेल का?" यावर दुकानदारांचे उत्तर ठरलेले असते: जितके स्पीकर जास्त, तितकी मजा जास्त. जुन्या शौकिनांचे उत्तरही तितकेच ठरलेले असते: स्टीरिओ म्हणजे दोनच, तिसरा जोडणे हे पाप. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्या चुकीचे मूळ वरच्या वाक्यात आहे. म्हणून तिसऱ्या स्पीकरचे मूल्यमापन करण्याआधी ते वाक्यच तपासून पाहू.

कान नेमके काय करतात?

आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाशी आधी पोचतो आणि तिथे थोडा मोठाही असतो. डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी पोचायला त्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद अधिक लागतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. कमी वारंवारतेच्या आवाजासाठी वेळेतला हा फरक मुख्यतः उपयोगी पडतो. साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या आवाजासाठी डोक्याची 'सावली' पडून होणारा तीव्रतेतला फरक महत्त्वाचा ठरतो.

इथपर्यंत सारे ठीक आहे. पण यावरून 'डावा स्पीकर डाव्या कानासाठी, उजवा उजव्यासाठी' असा निष्कर्ष काढला जातो. हे फक्त हेडफोन लावल्यावर खरे आहे. खोलीत ठेवलेल्या प्रत्येक स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना ऐकू येतो. एकदा हे मान्य केले की कानांच्या संख्येचा स्पीकरांच्या संख्येशी काही संबंध उरत नाही. मैफिलीत गायक, तबला, पेटी, तानपुरे असे चार-पाच ध्वनिस्रोत असतात. कान दोनच, म्हणून व्यासपीठावर दोघांनीच बसावे असे तिथे कुणी म्हणत नाही. मग स्पीकर दोनच का?

इतिहास काय सांगतो?

१९३१ मध्ये इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांना सिनेमा पाहताना एक गोष्ट खटकली, असे सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून! त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचे बहुतेक मूलभूत विचार त्या एका दस्तऐवजात आहेत. दोन स्पीकरांमधील तीव्रतेचे प्रमाण बदलून श्रोत्याच्या कानांशी योग्य तो फरक कसा निर्माण करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कसे कोरावेत, हेही त्यात आहे.

जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी वेगळ्या दिशेने विचार करत होते. रंगमंचापुढे असंख्य मायक्रोफोनांचा पडदा लावला आणि तेवढ्याच स्पीकरांचा पडदा दुसऱ्या सभागृहात लावला, तर तिथे मूळ ध्वनितरंग जसेच्या तसे उभे राहतील, ही त्यांची कल्पना होती. असंख्य मायक्रोफोन व्यवहारात शक्य नव्हते, म्हणून ते तीनवर आले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियामध्ये वाद्यवृंद वाजत होता आणि टेलिफोनच्या तारांवरून तीन स्वतंत्र मार्गांनी तो वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला जात होता. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यवृंदापुढे नव्हते, ते वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या बटनांपाशी बसले होते. या गटाने दोन आणि तीन मार्गांची तुलना केली. दोन मायक्रोफोनांच्या मिश्रणावर मधला स्पीकर चालवण्याचा प्रयोगही केला. म्हणजे आमच्या शिक्षकमित्रांचा प्रश्न नव्वद वर्षांहून जुना आहे.

सिनेमाने तीनचा मार्ग धरला. १९४० च्या 'फँटेशिया' या चित्रपटासाठी डावा, मधला आणि उजवा असे तीन ध्वनिमार्ग वापरले गेले. १९५३ च्या 'द रोब' या सिनेमास्कोप चित्रपटातही पडद्यामागे तीन मार्ग होते आणि चौथा प्रेक्षागृहासाठी होता. घरात मात्र आली ती तबकडी. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. गंमत अशी की आरसीए आणि मर्क्युरी या कंपन्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक वाद्यवृंद तीन मार्गी फितीवर मुद्रित केले होते. तबकडी करताना मधला मार्ग डाव्या-उजव्यात मिसळून टाकावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यांतील काही मुद्रणे नव्या प्रकारच्या चकत्यांवर पुन्हा तीन मार्गांनी प्रसिद्ध झाली.

दोन मार्गांत काम भागते, हे ब्लमलाइन यांनी सिद्ध केले हे खरेच. पण 'भागते' आणि 'तेच नैसर्गिक आहे' यांत फरक आहे. घरातला स्टीरिओ दोनाचा राहिला तो माध्यमाच्या मर्यादेमुळे. तडजोडीला निसर्गनियमाचा पोशाख चढवण्याचे काम आमच्यासारख्या व्याख्यात्यांनी केले.

मधे कुणीच नाही, तरी आवाज मधूनच!

दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखा आवाज सोडला आणि आपण बरोबर मध्यावर बसलो, तर आवाज मधल्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटतो. गायकाचा आवाज 'मध्ये' ऐकू येतो तो असा. याला अनेकदा आरशातल्या आभासी प्रतिमेची उपमा देतात. ही उपमा धोक्याची आहे. सपाट आरशातली वस्तूची प्रतिमा, पाहणारा कुठेही सरकला तरी, आपल्या जागी स्थिर असते. स्टीरिओतली प्रतिमा मात्र ऐकणाऱ्याबरोबर सरकते. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो.

दोन स्पीकर एकमेकांपासून २.४ मीटर अंतरावर ठेवा. विद्यार्थ्याला दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या शिरोबिंदूपाशी बसवा. दोन्हींतून एकाच माणसाचे बोलणे, उदाहरणार्थ बातम्या, सारख्याच तीव्रतेने ऐकवा. डोळे मिटून आवाजाच्या दिशेने बोट दाखवायला सांगा. बोट मध्यावर जाईल. आता खुर्ची ३० सेंटिमीटर उजवीकडे सरकवा. पायथागोरसच्या सिद्धांताने अंतरे काढली तर उजवा स्पीकर सुमारे २.२६ मीटरवर येतो आणि डावा २.५६ मीटरवर जातो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर डावीकडचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. बोट चक्क उजव्या स्पीकरकडे वळलेले दिसेल. ६० सेंटिमीटर सरकल्यास हा उशीर १.७ मिलिसेकंद होतो आणि डावा स्पीकर बंद आहे की काय अशी शंका येते.

आधी पोचलेल्या आवाजाला दिशेचा मान देणे हा श्रवणाचा एक नियम आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत वॉलक, न्यूमन व रोझेनत्स्वाइग यांनी आणि जर्मनीत हेल्मुट हास यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. बंद खोलीत भिंतींवरून परावर्तित आवाज येत असूनही आपण गोंधळून जात नाही, ते या नियमामुळे. स्टीरिओत मात्र तोच नियम उलटतो. यंत्रणेची किंमत कितीही असो, उत्तम प्रतिमा मिळते ती एकाच खुर्चीला. घरात चार माणसे दिवाणावर ओळीने बसली असतील तर तिघांची फसवणूक ठरलेली.

मध्यावरच्या खुर्चीतही सारे आलबेल नसते. प्रत्येक कानाशी सारखाच आवाज दोनदा येतो: जवळच्या स्पीकरचा आधी, दूरच्याचा सुमारे पाव मिलिसेकंद नंतर. पाव मिलिसेकंद म्हणजे २००० हर्ट्झच्या तरंगाचा अर्धा आवर्तकाल. म्हणजे त्या वारंवारतेच्या आसपास दोन तरंग विरुद्ध कलेत भेटतात आणि विनाशी व्यतिकरण होते. खोलीतल्या परावर्तनांमुळे हा खड्डा काही अंशी बुजतो, पण पूर्ण नाही. बोलण्यातली व्यंजने स्पष्ट कळण्यासाठी नेमका हाच पट्टा महत्त्वाचा असतो. इंग्लंडमधील सालफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये मोजमाप करून दाखवले की, गोंगाटात बोलणे ओळखायचे असेल तर आभासी मध्यापेक्षा खरा मधला स्पीकर अधिक चांगला. घरातल्या वृद्धांची "गाणे ऐकू येते, पण बोलणे कळत नाही" ही तक्रार आपण वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. तिच्यातला थोडा वाटा यंत्रणेचाही असू शकतो.

तिसरा जोडला की काय होते?

इतके वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग लावा की मधला स्पीकर! इथेच थांबून विचार केला पाहिजे. मधल्या स्पीकरला द्यायचे काय?

मुद्रणाच्या वेळी फक्त डावीकडे ठेवलेल्या वाद्याला अ म्हणू, फक्त उजवीकडच्याला ब आणि मधल्या गायकाला क. मग डाव्या मार्गात अ + क आहे आणि उजव्या मार्गात ब + क. आपल्याला हवे आहेत अ, ब आणि क वेगवेगळे. म्हणजे अज्ञाते तीन आणि समीकरणे दोन. अशा समीकरणांची एकच एक उकल मिळत नाही, हे नववी-दहावीचा विद्यार्थीही सांगेल. जी माहिती तबकडीत उतरताना मिसळून गेली, ती तिसरा स्पीकर विकत घेऊन परत येत नाही.

बेरीज तर करता येते? जरूर. डाव्या-उजव्याच्या बेरजेचा निम्मा भाग मधल्याला दिला तर तिथे क पूर्ण येतो, पण त्याबरोबर अर्धा अ आणि अर्धा ब हेही येतात. डावीकडचे वाद्य आता मधूनही ऐकू येते, म्हणजे आत सरकते. रंगमंच आक्रसतो. शिवाय डावा-उजवा स्पीकर क वाजवतच असतात, त्यामुळे गायक इतरांच्या मानाने मोठा होतो. डाव्या-उजव्यातून गायकाला वजा करायला गेलो तर त्या दोघांत उरतो तो फक्त अ आणि ब यांचा अर्धा फरक, एकात सुलटा, दुसऱ्यात उलटा. हात घालावा तिथे काहीतरी निसटते.

अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी पन्नाशीच्या दशकात असा बेरजेचा मधला स्पीकर आग्रहाने पुरस्कारला, त्याला सबळ कारण होते. त्यांचे मोठे कर्णे खोलीच्या दोन कोपऱ्यांतच ठेवावे लागत. लांब भिंतीच्या दोन टोकांना स्पीकर ठेवले की मध्ये पोकळी जाणवते. ती भरण्यासाठी त्यांनी १९५७ मध्ये कोपऱ्याबाहेर ठेवायचा लहान स्पीकर काढला. कोपऱ्याचे आयुष्यभर समर्थन करणाऱ्या माणसाने हे करणे म्हणजे पाखंडच, असे कुणीतरी म्हणाले आणि त्या स्पीकरला 'हेरसी', म्हणजे पाखंड, हेच नाव मिळाले. त्यांच्या खोलीत रंगमंच गरजेपेक्षा रुंद होता, त्यामुळे तो थोडा आक्रसला तर तोटा नव्हता. आपल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत, जिथे स्पीकर आधीच जवळजवळ असतात, तिथे तेच औषध अपाय करते. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गेरझन यांनी १९९२ मध्ये दोन मार्ग तीन स्पीकरांना कोणत्या प्रमाणात वाटले तर कमीत कमी नुकसान होईल, याचे काटेकोर गणित मांडले. ते सुंदर आहे. पण ते वाटपाचे गणित आहे, हरवलेली माहिती परत मिळवण्याचे नव्हे.

जोडणीबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. तिसऱ्या स्पीकरच्या दोन तारा दोन्ही मार्गांच्या धन टोकांना जोडल्या की काम झाले, असे काही हौशी विद्यार्थी समजतात. अशा जोडणीत बेरीज होत नाही, वजाबाकी होते! क मधून क गेला की शून्य उरते. म्हणजे ज्या गायकासाठी खटाटोप केला, त्या स्पीकरमधून नेमका तोच नाहीसा होतो आणि मागची वाद्ये तेवढी ऐकू येतात. दोन धन टोके एकमेकांना जोडणे तर सरळ अ‍ॅम्प्लिफायर जाळण्याचा मार्ग आहे. योग्य बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, रोधांमार्फत करावी लागते आणि मधल्या स्पीकरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर द्यावा लागतो.

सिनेमाची गोष्ट वेगळी

चित्रपटात मात्र पारडे दुसरीकडे झुकते. तिथे बोलणे पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आले पाहिजे आणि ते प्रत्येक खुर्चीत बसणाऱ्याला तसे वाटले पाहिजे. सत्तरीच्या दशकात डॉल्बी कंपनीने चार मार्ग ठराविक नियमाने दोन मार्गांत गुंफण्याची पद्धत आणली. १९८७ मध्ये आलेल्या 'प्रो लॉजिक' या घरगुती रूपात मधला स्पीकर होता. पण समीकरणे तीही दोनच. त्या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे याचा अंदाज घेऊन ते मंडल आवाज तिकडे वळवी. एकच पात्र बोलत असले तर अंदाज बरोबर येई, एकाच वेळी अनेक गोष्टी वाजू लागल्या की गडबड होई. १९९६-९७ पासून डीव्हीडीबरोबर मधला मार्ग खऱ्या अर्थाने स्वतंत्र मुद्रित होऊन घरात आला. तिसरे समीकरण मिळाले आणि उकल सोपी झाली. अशा चित्रपटासाठी मधला स्पीकर ही चैन नाही, मुद्रणाचा तो एक भागच आहे. तो नसला तर यंत्रणा बोलण्याचा मार्ग पुन्हा डाव्या-उजव्यात मिसळते आणि आपण १९५८ मध्ये परत जातो.

इथेही बाजारातल्या मालाबद्दल एक टीका केलीच पाहिजे. टीव्हीखाली मावावा म्हणून मधला स्पीकर आडवा करतात आणि त्यात दोन सारखे शंकू शेजारी-शेजारी बसवतात. समोर बसणाऱ्याला दोन्हींचा आवाज एकाच वेळी पोचतो. बाजूला बसणाऱ्यासाठी मात्र दोन शंकूंपासूनची अंतरे वेगळी होतात आणि पुन्हा व्यतिकरणाचे खड्डे पडतात. ज्यांच्यासाठी मधला स्पीकर हवा होता, त्या कडेच्या माणसांचेच हाल! तोच स्पीकर उभा ठेवला तर दोष बराच कमी होतो. शक्य असेल तर मधला स्पीकर डाव्या-उजव्याच्याच जातीचा असावा, नाहीतर एका टोकाकडून दुसरीकडे जाणाऱ्या पात्राचा आवाज वाटेत बदलतो.

तर आमचा निर्णय असा. एकट्याने, मध्यावर बसून दोन मार्गी संगीत ऐकायचे असेल तर तिसरा स्पीकर नको. त्यापेक्षा आहेत ते दोन नीट जागी ठेवा, खुर्ची मध्यावर आणा, यासाठी एक पैसाही लागत नाही. स्पीकर फार दूर ठेवणे भाग असेल तर बेरजेचा मधला स्पीकर हळू आवाजात लावून पाहायला हरकत नाही. आणि चित्रपट कुटुंबासह पाहायचे असतील, मुद्रणात मधला मार्ग स्वतंत्र असेल, घरात ऐकायला कमी येणारे कुणी असेल, तर आधी मधला स्पीकर घ्या, बाकीचे सवडीने. त्याचा आवाज थोडा वाढवला की आजोबांना बोलणे कळते आणि इतरांचे कान किटत नाहीत. स्पीकर किती हवेत, हे कानांवरून ठरत नाही. मुद्रणात मार्ग किती आहेत आणि खोलीत माणसे किती बसणार आहेत, यावरून ते ठरते.

त्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले होते. आज ती भेटली तर आम्ही सांगू: सिनेमाघरात शेकडो माणसे बसतात आणि मध्यावरची खुर्ची त्यांतल्या एखाद्यालाच मिळते, म्हणून तिथे मधला स्पीकर असतो. घरी स्पीकर दोन झाले ते तबकडीच्या खाचेला दोन भिंती होत्या म्हणून. आपले कान दोन आहेत, हा केवळ योगायोग. शिक्षकांना आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी हे सोपे वाक्य तोंडावर आले तर ते गिळावे आणि वर्गात दोन स्पीकर व एक सरकती खुर्ची न्यावी. मुले आपल्या बोटांनीच त्या वाक्यातली चूक दाखवून देतील.